कुलूप बाहेरून, माणसं आत: चन्याच्या गोदामातलं प्रकरण

गावाचं नाव सांगत नाही, आणि सांगायला असं एक गाव नाहीच. ट्रेनिंगला येणाऱ्या पोलिसांच्या पोरांना शिकवायसाठी दोन-तीन ठिकाणच्या गोष्टी जोडून हे प्रकरण बनवलंय, त्यामुळे कोणाचं गोदाम, कोणता शेठ हे शोधत बसू नका. गॅसचे आकडे, कायद्याची कलमं आणि माणसाच्या आधी आत पाठवलेलं मशीन, म्हणजे रोबोट, कसं वागते हे मात्र खरं आहे.

यवतमाळ-वर्ध्याचा पट्टा, ऑगस्ट महिना, चार दिवसांची झड. गावाबाहेर रस्त्याला लागून टिनाचं गोदाम, तालुक्याच्या एका व्यापाऱ्याचं, आत चन्याचे कट्टे आणि थोडी तूर. समोर एक मोठं शटर, दोन्ही बाजूला कुलूप, दुसरा दरवाजा नाही. झड उघडली त्या सकाळी निंदणाला निघालेल्या बायांना वास आला, कोणी म्हणे लसणासारखा, कोणी म्हणे सडक्या मासोळीचा. एका पोरानं शटरखालच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला तर माणसाचा हात दिसला. गावातले दोघं परवाच्या रात्रीपासून घरी नव्हते आणि कुलूप तर बाहेरून, म्हणजे दहा मिनिटांत सगळ्या गावाचा निकाल लागला की शेठनं पोरांना कोंडून मारलं.

सब्बल आली, चार जण शटरला भिडणार तेवढ्यात पोलीस पाटील आडवे झाले. "थांबा बे, काहून मरता? आतला मानूस कायनं मेला ते मालूम हाय का तुमाले? वास येऊन राह्यला नं?" पाटलांना हे सुचलं याचं कारण २०१७ आहे, यवतमाळ जिल्ह्यात त्या सालात कापसावर फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले, तिकडच्या माणसाला औषधाचा वास म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नाहीतर असं असते की पहिला आत जाते, तो पडला म्हणून दुसरा जाते, त्याला काढायला तिसरा. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीला मांजर काढायला म्हणून शेणाच्या स्लरीच्या जुन्या विहिरीत एकामागून एक उतरले आणि पाच जण गेले. म्हणून पाटलांनी केलं ते मी या प्रकरणातलं सगळ्यात मोठं काम धरतो, रोबोटचा नंबर त्याच्या नंतर.

ठाणेदार पोचले तेव्हा खून की चोरी हा पहिला प्रश्न नव्हताच, आत कोणी जिवंत आहे का हा होता. हे पोरांना दरवेळी सांगावं लागते, कारण रोबोट म्हटलं की सगळे रोबोटची वाट पाहत बसतात. आत जीव असेल तर वाट पाहायची नसते, हवेचं सिलिंडर पाठीवर असलेली दोन माणसं तेव्हाच आत गेली पाहिजेत, घटनास्थळ खराब झालं तर झालं. इथं काठीला मोबाइल बांधून व्हिडिओ चालू करून फटीतून आत सरकवला. एक जण शटरपासून हातभर अंतरावर पालथा, फुगलेला, कातडीचा रंग बदललेला. दुसरा लांब, थप्पीच्या पायथ्याशी, तसाच. शटर वाजवून, हाका मारून झालं. दोघंही गेलेले आहेत आणि कालच्या आधी गेलेले आहेत यात शंका उरली नाही, आणि त्या क्षणी बचाव संपला अन् तपास सुरू झाला. हा बदल ठाणेदारांनी स्टेशन डायरीत वेळ टाकून लिहायला लावला, पुढं कोणी विचारलंच की दुपारपर्यंत दार का नाही उघडलं तर त्याचं उत्तर तिथंच लिहून ठेवलेलं होतं.

आता त्या मोबाइलच्या क्लिपमधली एक गोष्ट. फॉरेन्सिक व्हॅनवाल्या मॅडमनी ती क्लिप पाहिली आणि म्हणाल्या, माश्या कुठं आहेत? ऑगस्ट महिना, टिनाचं गोदाम, दोन दिवसाचं प्रेत आणि एक माशी नाही. झूम केलं तर माश्या होत्या, पण जमिनीवर, मेलेल्या. भिंतीच्या कडेला एक पाल उताणी. म्हणजे आतली हवाच मारणारी होती आणि अजूनही असू शकत होती. याचा दुसरा अर्थ पण लक्षात घ्या, प्रेतावरच्या अळ्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ काढतात, इथं माशीनं अंडीच घातली नाहीत तर ते घड्याळ बंद. कोणी म्हटलं असतं की अळ्या नाहीत म्हणजे आज पहाटेच मेले, तर साफ चुकलं असतं.

लसणाचा वास, धान्याचं गोदाम, मेलेले किडे, मग पहिला संशय सल्फासच्या गोळ्यांवर जातो, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. चन्याला किडे लागले की थप्पीवर प्लास्टिक टाकून आत या गोळ्या ठेवतात, हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन गॅस सुटते, जितकी ओल आणि उष्णता जास्त तितकं लवकर. तीन ग्रॅमच्या गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन निघते. हिशोब करून पाहा: दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट, सगळं बंद, तर दोन गोळ्या पूर्ण सुटल्या की हवेत जवळपास ५० पीपीएम होते, म्हणजे दहा लाख भाग हवेत ५० भाग गॅस, आणि ५० पीपीएम हाच जीवाला तात्काळ धोका मानायचा आकडा आहे. ४०० ते ६०० पीपीएममध्ये अर्धा-एक तास राहिला तर माणूस जातो. कामाच्या जागी दिवसभरासाठी ०.३ च्या वर चालत नाही. वास येते तो बरेचदा त्यातल्या भेसळ गॅसचा असते, म्हणून वास नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. याला उतारा नाही, औषध असं काही नाही, दवाखान्यात फक्त सांभाळतात.

रोबोट जिल्ह्याच्या बॉम्बशोधक पथकाचा, बीडीडीएसचा. यायला दुपार झाली. आता कोणी विचारते की अग्निशमनवाल्यांकडं सिलिंडर-मास्क होते तर माणसंच का नाही पाठवली. एक तर तालुक्यात दोन सेट होते आणि त्यातला एक सिलिंडर अर्धा रिकामा, आणि एकटा माणूस आत पाठवायचा नसतो. पण दोन्ही भरलेले असते तरी मी हेच म्हटलं असतं की थांबा. मास्क लावलेल्या माणसाकडं मिनिटं मोजकी असतात, काच धुकाळते, पायात जड बूट, कानात स्वतःचाच श्वास, तो आत जाऊन सरळ प्रेताकडं जाणार, प्रेत उचलणार आणि बाहेर येणार, वाटेत काय तुडवलं हे त्यालाही सांगता येणार नाही. इथं तर गाव खून म्हणतंय आणि शेठ मेलेल्यांना चोर म्हणतोय, म्हणजे जमिनीवर काय आहे त्यावरच सगळं अवलंबून. मशीन एका जागी तासभर उभं राहू शकते. बाहेर पाच जण बसून तेच चित्र पुन्हा पुन्हा पाहू शकतात, वाद घालू शकतात, चहा पिऊन पुन्हा पाहू शकतात. मशीन जीव वाचवते हे तर आहेच, पण माझ्या मते त्याचा खरा उपयोग घाई काढून टाकण्यात आहे.

मशीनबद्दल लोकांच्या डोक्यात पुण्याच्या डीआरडीओनं बनवलेला दक्ष असतो, तो वजनदार गडी, जिने चढते, एक्स-रे काढते, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बॉम्ब निकामी करते. आपल्याकडं आलेला लहान होता, पट्ट्यांवर चालणारा, एक हात, हाताला चिमटा, पुढं-मागं कॅमेरे, दोन दिवे, माइक-स्पीकर. तशी या सगळ्या मशीनांची सुरुवात फार साधी आहे, १९७२ साली उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्बनी माणसं जायला लागली तेव्हा पीटर मिलर नावाच्या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्यानं बागेतल्या बॅटरीच्या हातगाडीवरून पहिला रोबोट उभा केला, म्हणून त्याचं नावच व्हीलबॅरो. आपल्या पोरांना हे मुद्दाम सांगतो, म्हणजे रोबोट पाहून हात जोडून उभे राहत नाहीत.

मशीन आलं पण त्यावर फॉस्फिन मोजायचं काही नव्हतं, बॉम्बवाल्यांना ते कशाला लागेल. अग्निशमनच्या मीटरमध्ये चार गोष्टी होत्या, ऑक्सिजन, जळाऊ गॅस, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. अशा मीटरमध्ये फॉस्फिनचा सेन्सर नसते, आणि त्यात सल्फाइडचा आकडा हलला तरी गॅस तीच आहे असं धरता येत नाही, दुसऱ्या गॅसनंही तो सेन्सर फसते. फॉस्फिनचा वेगळा मीटर जिल्ह्यातल्या एका सरकारी गोदामातून आणला, धान्याला गॅसची धुरी देणाऱ्यांकडं ते असते, हे सुचायलाच एक तास गेला. मग दोन्ही मीटर मशीनच्या हाताला केबल टायनं बांधले, असे की आकडे पुढच्या कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत. कंपनीचं सॉफ्टवेअर नाही, ब्लूटूथ नाही, पण गॅस किती आणि कुठं हे दोन्ही एकाच व्हिडिओत आलं. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीत एप्रिल २०११ मध्ये पॅकबॉट नावाचे रोबोट आत गेले तेव्हाही पहिलं काम तेच होतं, रेडिएशन किती, ऑक्सिजन किती, माणूस जाऊ शकते का.

दुसरी भानगड टिनाची. चारी बाजूनं पत्रा म्हणजे रेडिओ सिग्नल आत गेला की मेला, मशीन आत अडकलं तर काढायला पुन्हा माणूसच जाणार. म्हणून केबल लावली. तिसरी भानगड ठिणगीची. फॉस्फिन हवेत १.८ टक्क्यांच्या आसपास गेली तर स्वतःहून पेट घेऊ शकते, १.८ टक्के म्हणजे १८,००० पीपीएम, एवढी गॅस पूर्ण गोदामात असायचं कारण नव्हतं, पण ओल्या गोळ्यांच्या ढिगाजवळ काय असेल सांगता येत नाही आणि बीडीडीएसची मशीनं काही स्फोटक हवेत चालवायसाठी बनवलेली नसतात. म्हणून ठरलं, जळाऊ गॅसचा आकडा हलला की थांबायचं आणि गोळ्यांच्या ढिगापासून लांब राहायचं. कुलूप कापायला ग्राइंडर नाही, बोल्ट कटर, तेही मास्क घातलेल्या माणसाकडून, आणि कडीला कापायचं, चावीच्या भोकाजवळ हात लावायचा नाही, कारण कुलूप कोणी कधी लावलं हाच तर भांडणाचा मुद्दा. अग्निशमनवाला पाइप घेऊन सरसावला होता, गॅस दाबून टाकू म्हणे. त्याला आधी मागं घेतला. या गोळ्यांवर पाणी म्हणजे आगीला आमंत्रण.

शटर दीड फूट उचललं. पहिले दोन-तीन मिनिटं पडद्यावर काहीच नाही, बाहेरच्या उजेडातून अंधारात गेल्यावर कॅमेरा आंधळा होते. ऑपरेटर हवालदार शांत माणूस होता, त्यानं मशीन तिथंच ठेवलं. आता वाट. गोदामात माणसं दोन थप्प्यांच्या मधल्या गल्लीनं चालतात, म्हणून मशीन मधून न्यायचं नाही, डाव्या भिंतीला चिकटून, पट्टे भिंतीपासून वीतभर. मॅडम त्याच्या बाजूला बसून कागदावर नकाशा काढत होत्या, मशीन कितव्या खांबापाशी आहे, कॅमेरा कुठं पाहतो आहे. हे काम वेगळ्याच माणसानं केलं पाहिजे. ऑपरेटरला सगळं पुंगळीतून पाहिल्यासारखं दिसते, समोरच्या वीतभर जागेत तो इतका गुंतते की मागं काय राहिलं हे त्याला कळत नाही.

शटरजवळ मीटरनं १०० च्या वर दाखवलं, आतल्या थप्पीकडं गेलं तसं वाढत गेलं. जळाऊ गॅसचा आकडा शून्यावरच होता. हवा पुरेशी होती, ऑक्सिजन कमी नव्हता, म्हणजे गुदमरून मेले हा एक पर्याय तिथंच मागं पडला.

आणि मग पावलं दिसली. इथं मशीनचा असा एक फायदा निघाला जो कोणी आधी धरला नव्हता. माणूस उभा राहून टॉर्च मारते तो वरून, धुळीतले ठसे सपाट होऊन जातात. मशीनचे दिवे जमिनीपासून फूटभर उंचीवर, उजेड आडवा पडते, आणि आडव्या उजेडात धुळीतला प्रत्येक उंचवटा सावली टाकते. चपलेचे ठसे आणि अनवाणी पायाचे ठसे, दोन वेगळे माणसं, मागच्या कोपऱ्यातून निघून थप्पीकडं आलेले. शटरकडून आत आलेला एकही ठसा नाही. मागच्या कोपऱ्यात कॅमेरा वर केला तर पत्रा एका बाजूनं उचललेला, तिथल्या बोल्टांना नट नाहीत, आणि दोर खाली लोंबतोय. पत्र्याच्या त्याच फटीतून चार दिवस पाणी आत गळत होतं.

बाहेर पडद्यापाशी कोणी काही बोललं नाही. चोरी करायला वरून उतरले, हे इतकं तर झालं. पण इथं थांबायचं नसते. कारण फिर्यादीच्या बाजूचा वकील उद्या विचारणार, ठीक आहे, वरून उतरले, शेठला किंवा त्याच्या माणसाला कळलं आणि त्यानं वरून गोळ्या टाकल्या असतील तर? मग तो खूनच. म्हणजे प्रश्न असा होता की आधी गोळ्या की आधी माणसं.

त्याचं उत्तर थप्पीच्या पायथ्याशी होतं. प्लास्टिक एका जागी ब्लेडनं किंवा विळ्यानं कापलेलं, सरळ काप, दोन कट्टे बाहेर ओढलेले. प्लास्टिकखाली कागदाच्या ताटल्या, त्यात राखाडी-पांढरी भुकटी, म्हणजे गोळ्या पूर्ण सुटून गेल्यावर उरते ती. गोळीची अशी भुकटी व्हायला तासभर पुरत नाही, वेळ जातो. आणि एक ताटली कट्ट्यासोबत ओढली जाऊन सांडलेली होती, त्या सांडलेल्या भुकटीवर अनवाणी पायाचा अर्धा ठसा. भुकटी खाली, पाय वर. म्हणजे पाय पडला तेव्हा गोळ्या जुन्या झालेल्या होत्या. दोघं आले तेव्हा थप्पी आधीपासून धुरीखाली होती, गॅस प्लास्टिकमध्ये कोंडलेली होती आणि त्यांनी प्लास्टिक फाडून ती स्वतःच्या तोंडावर घेतली. एक जण तिथंच पडला. दुसरा दोराकडं नाही गेला, शटरखालून येणाऱ्या उजेडाच्या रेघेकडं गेला, आतल्या बाजूनं शटरच्या धुळीवर बोटांचे ओरखडे होते, खालपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत. तो व्हिडिओ माझ्याकडं असता तरी मी वर्गात दाखवला नसता.

मशीन त्या ठशापासून दोन फुटांवर होतं तेव्हा मॅडमनी थांबा म्हटलं. तिथून पुढं गेलंच नाही, हात लांब करून कॅमेऱ्यानं काढलं तेवढंच. माणूस मास्क घालून गेला असता तर सरळ त्यावर पाय दिला असता, कारण प्रेत त्याच्याच पलीकडं होतं.

पण मशीन म्हणजे देव नाही. परत फिरताना ऑपरेटरनं जागच्या जागी वळवलं आणि मागची केबल आडवी घासत गेली, मधल्या गल्लीतले दोन ठसे पुसले. रोबोटच्या चाकाची काळजी सगळे करतात, केबल कोणाच्या लक्षात राहत नाही. नशीब की ते ठसे आधीच रेकॉर्ड झाले होते. पंचनाम्यात लिहिलं की अमुक वेळेला केबलनं ठसे पुसले गेले, लपवलं नाही. ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं उलटं, रिव्हर्समध्ये यायचं आणि शटरपाशी एक माणूस केबल ताणून ओढत राहायचा, हा नियम त्या दिवशीच झाला.

निघता निघता कॅमेऱ्यात शटरच्या आतल्या बाजूला टेबलाखाली धोक्याच्या पाट्यांचा गठ्ठा दिसला, कवटी आणि हाडांचं चित्र, रबर लावलेलं जसंच्या तसं. व्यापाऱ्याचा माणूस सकाळपासून सांगत होता की पाटी बाहेर लावली होती, झडीनं वाहून गेली.

इकडं रस्त्यावर दीडशे माणसं, रास्ता रोकोची भाषा, आणि मागणी एकच की पडदा आम्हाला दाखवा. डीवायएसपी साहेबांनी नाही म्हटलं, माझ्या मते बरोबर केलं. प्रेतांचे व्हिडिओ संध्याकाळपर्यंत चार तालुक्यांत फिरले असते आणि उद्या प्रत्येक साक्षीदार आपण पाहिलं ते सांगते की व्हॉट्सॲपवर पाहिलं ते, हे ओळखता आलं नसतं. पण नुसतं नाही म्हणून जमाव हटत नसते. मेलेल्यांपैकी एकाचे काका, म्हातारे, हात जोडून उभे होते. ठाणेदारांनी त्यांना बाजूला बसवून तोंडी सांगितलं, "काकाजी, पत्रा मागून उचलला आहे, दोर आहे. मी तुम्हाला खोटं सांगत नाही. पण शेठनं पाटी लावली नव्हती हे पण दिसलं, ते सोडणार नाही." काकाजी म्हणाले, "पोट्टे चोर होते म्हनान आता." ठाणेदार म्हणाले, "मेले कशानं ते लिहीन मी." त्यानंतर रास्ता रोको झाला, पण अर्धा तास.

आता कायद्याचं, कारण शिकवताना पोरं इथंच झोपतात आणि कोर्टात इथंच मार खातात. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आहेत. बीएनएसएसच्या, म्हणजे तपास-खटल्याच्या पद्धतीच्या नव्या कायद्याच्या, १७६(३) नं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. हे प्रकरण शेवटी निष्काळजीपणावर आलं, त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत, म्हणजे त्या हिशोबानं सक्ती नव्हती. पण सकाळी कोणाला माहीत होतं? सकाळी संशय खुनाचा होता, म्हणून खुनाचं घटनास्थळ धरूनच चाललं पाहिजे, कलम खाली नेता येते, तुडवलेला ठसा वर आणता येत नाही.

व्हिडिओ पुरावा म्हणून टिकवायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ चं प्रमाणपत्र, त्यात आता हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, पण टाकावी लागते. प्रमाणपत्राचं महत्त्व आपल्याकडच्याच एका खटल्यानं पक्कं झालं, जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, १४ जुलै २०२०, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर वेगळी गोष्ट, पण त्यावरून काढलेली कॉपी दाखवायची तर सर्टिफिकेट पाहिजेच. रोबोटमध्ये गंमत अशी असते की रेकॉर्डिंग मशीनमध्ये होत नाही, कंट्रोलच्या डब्यात होते, आणि त्या डब्याचं घड्याळ कोणी कधी लावलेलं नसते. या डब्यात तर तारीख दोन वर्षं मागची होती. म्हणून आत जायच्या आधी मोबाइलवरची वेळ मशीनच्या कॅमेऱ्यासमोर धरली, बाहेर आल्यावर पुन्हा धरली, फरक पंचनाम्यात लिहिला. कार्ड तिथंच पंचांसमोर काढून हॅश काढून सील. घड्याळ दुरुस्त करायचा मोह आवरला हे बरं केलं, मध्येच बदललं असतं तर फाइलच्या वेळांचा काला झाला असता.

पंच दोघं, शेजारच्या गावचे, पडद्यासमोर बसवलेले. पंचनाम्यात "पंचांनी आत पाहिले" असं लिहायचं नाही, "पंचांनी पडद्यावर पाहिले" असं लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी हवा मोकळी झाल्यावर त्याच पंचांना आत नेऊन त्याच वस्तू प्रत्यक्ष दाखवायच्या. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येते की तुम्ही आत गेला होता का.

त्या संध्याकाळी जिल्ह्यावरून भरलेले सिलिंडर आले आणि दोघं जण मशीनच्या पट्ट्यांच्या खुणेवरून चालत आत गेले, म्हणजे मशीननं बनवलेली वाट हीच सगळ्यांची वाट. प्रेतं निघाली. शटर आणि मागचा पत्रा उघडा ठेवून रात्रभर वारा खेळू दिला, दुसऱ्या दिवशी मीटर ०.३ च्या खाली आल्यावरच बाकीचे आत गेले. वाटेत कोणी तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं, त्यानं काही होत नाही. डब्याचा फिल्टरवाला मास्क सुद्धा फॉस्फिनला १५ पीपीएमपर्यंतच चालते, आकडा माहीत नसेल तर सिलिंडरच.

पोस्टमॉर्टमच्या डॉक्टरांना आधी फोन करून सांगितलं होतं, खिडक्या उघड्या ठेवा. व्हिसेरा नागपूरच्या प्रयोगशाळेत. फॉस्फिनसाठी सिल्व्हर नायट्रेटचा कागद काळा पडतो का पाहतात, पण सडलेल्या प्रेतातला हायड्रोजन सल्फाइडही तो कागद काळा करते, म्हणून सोबत लेड ॲसिटेटचा कागद लावतात, दोन्ही काळे झाले तर घाई करायची नाही. आणि मुद्देमालाचं एक: ती भुकटी पूर्ण सुटलेली दिसली तरी त्यात थोडं जिवंत औषध राहू शकते, हवाबंद बरणीत कोंबून ठाण्याच्या मालखान्यात ठेवली आणि ओल लागली तर तिथंच दुसरं प्रकरण. प्रयोगशाळेला विचारून पॅकिंग केलं.

मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, आधीच दाखल होता, नंतर व्यापाऱ्यावर बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, निष्काळजीपणानं मृत्यूचं १०६(१) आणि विषारी पदार्थाच्या निष्काळजीपणाचं २८६. गोळ्या त्याच्याकडं आल्याच कशा हा वेगळा तपास, कारण हे औषध सरकारी गोदामं आणि परवान्याच्या धुरीवाल्यांपुरतं ठेवलेलं आहे, किराणा दुकानात मिळायला नको. मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे.

वर्गात एक प्रश्न ठरलेला, सर, ड्रोन का नाही, ड्रोन तर आता लग्नातही असते. ड्रोनचे पंखे खाली वारा मारतात, त्या भुकटीवरचा तो अर्धा ठसा पहिल्या मिनिटात उडाला असता आणि भुकटी सगळ्या गोदामात. पत्रा उचललेला आहे हे बाहेरून, वरून पाहायला ड्रोन चांगला, आणि ते काम त्या दिवशी सकाळीच करता आलं असतं, कोणाला सुचलं नाही.

दुसरा प्रश्न, अमेरिकेत तर रोबोट दार उघडतात. हो, २०१२ साली कोलोरॅडोतल्या ऑरोरात सिनेमा थिएटरमध्ये गोळीबार करणाऱ्यानं आपल्या फ्लॅटमध्ये दाराला तार लावून ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेटचा सापळा लावून ठेवला होता, मोठ्यानं गाणी लावून ठेवली होती म्हणजे कोणीतरी वैतागून दार उघडेल. तिथंही आधी मशीन गेलं, सापळे मोकळे झाले, मग माणसं. पण ते मोठं शहर, पथक जवळ. आपल्याकडं जिल्ह्यावरून मशीन यायला अर्धा दिवस जाते आणि तोपर्यंत सब्बल घेतलेल्यांना थांबवून धरायचं काम पाटील आणि दोन शिपाई करतात. म्हणून मला कोणी विचारलं की तालुक्याला रोबोट घ्यावा का, तर मी म्हणतो आधी फॉस्फिनसकट गॅसचा मीटर घ्या, लांब काठीला लावायचा कॅमेरा आणि आडवा उजेड देणारा दिवा घ्या, सिलिंडरचे चार सेट भरलेले ठेवा. शटरजवळचं अर्धं काम तेवढ्यात झालं असतं. थप्पीपाशी काठी पोचली नसती, तिथं मशीनच पाहिजे होतं, ते जिल्ह्याला एक असलं तरी चालते, पण त्याच्या ऑपरेटरला बॉम्बसोबत ठसे पण शिकवा.

आणि मशीन परत गेल्यावर पुसून ठेवून द्यायचं नाही. फॉस्फिन तांब्याला खाते, ओल असली तर जास्तच. महिन्याभरानं त्याच मशीनचा मागचा कॅमेरा मधूनच जायला लागला, उघडलं तर कनेक्टर काळे-हिरवे झालेले. दुरुस्तीचा खर्च बॉम्बच्या हेडखाली टाकायचा की तपासाच्या, यावर फाइल फिरत राहिली.